पांढरीची अकरा

मंगळवारी सकाळी दुलमा मॅडमनी मला ‘बाल्दनची सेव्जिद’ अशी हाक मारली, आणि वाटीतला चहा माझ्या बोटांवर आला. अठरा वर्षं मी या प्रयोगशाळेत सेव्जिदताई आहे. मॅडम माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान, जपानात शिकून आलेल्या, खुर्चीने मोठ्या. तरी ताई म्हणायला त्या कधी चुकल्या नाहीत. माझ्यावर चिडल्या तर ‘अहो ताई’ म्हणतात आणि फार चिडल्या तर नुसतंच ‘ताई’ म्हणून खिडकीबाहेर बघतात. बापाचं नाव पुढे लावून माणसाला बोलावतात ते पोलीसचौकीत, इस्पितळात नाहीतर पासपोर्टच्या खिडकीत, आणि या तिन्ही ठिकाणांहून कुणी हसत बाहेर आलेलं मी पाहिलेलं नाही. मी वाटी ठेवली, बोटं डगल्याला पुसली, आत गेले. खिडकीच्या काचेला कोळशाच्या धुराचा पिवळा थर होता आणि पलीकडे उलानबातर नेहमीसारखं अर्धंच दिसत होतं. मॅडमनी टेबलावरचा कागद फिरवून माझ्याकडे केला. कागद फिरवून देणारा माणूस आपल्याकडून काहीतरी मागणार असतो, न फिरवणारा काहीतरी लादणार असतो, हे मी एवढ्या वर्षांत शिकले आहे. कागदावर चौदा ओळी होत्या. त्यातल्या अकरा ओळींपुढे एकच शब्द होता, पाळीव.

चौदा म्हणजे गोबीतल्या आमच्या कुंपणातली चौदा जनावरं. त्यांना उंट म्हणायचं नाही. उंट तो माणसाचा. रानातला तो हाव्तगै, चपट्या डोक्याचा, बारीक पायांचा, पाठीवर लहान मुलाच्या मुठीएवढी दोन टोकं असलेला, माणसाचा वास आला की तीन दिवस न थांबता पळणारा. माझ्या आईसमोर कुणी त्याला चुकून उंट म्हटलं तर ती तोंडावर हात ठेवायची, जणू पाहुण्याच्या घरच्यांबद्दल कुणी वावगं बोललं. जगात ते हजारसुद्धा उरलेले नाहीत. वीस वर्षांपूर्वी बोर झऱ्यावरून सात पिल्लं पकडून हे कुंपण उभं केलं, त्यांची ही चौदा. येत्या मे महिन्यात ती दक्षिणेच्या डोंगरांपलीकडे, उरलेल्या कळपांत सोडायची ठरली होती. कुंपणाचा राखणदार माझा भाऊ शागदर. डिसेंबरात त्यानेच चौदाही जनावरांचे केस पाकिटांत घालून पाठवले, आणि ताडून बघायला म्हणून स्वतःच्या घरच्या एकोणीस उंटांचेही. मी शास्त्रज्ञ नाही. मी पाकिटं घेते, नंबर घालते, वहीत चढवते, फ्रीजमध्ये ठेवते. पण अठरा वर्षं दुसऱ्यांची पत्रं पोचवणाऱ्या पोस्टमनलाही वाचता येऊ लागतं. आईकडून मुलीला आणि मुलीकडून नातीला असा एक धागा जातो, बाप कितीही बदलले तरी तो तुटत नाही. अकरा जनावरांचा तो धागा कुणाच्या तरी पाळीव उंटिणीपाशी जात होता.

मॅडम हळू आवाजात म्हणाल्या की दोन्हीकडचे नमुने एकाच टपालात आले होते, एकाच दिवशी वहीत चढले, माणसाचा हात आहे, एखादी थप्पी इकडची तिकडे झाली असेल. जनावरं सोडायची की नाही त्यावर गुरुवारी समिती बसणार आहे. तोवर आठवून बघा. त्या धमकी देत नव्हत्या. धमकी देणाऱ्याचे हात टेबलावर असतात, त्यांचे मांडीत होते. दारापर्यंत गेले तेव्हा मागून म्हणाल्या, “ताई, हे खरं असलं तर माझ्याकडे तीन जनावरं उरतात. तीन.” तेव्हा कुठे मी पुन्हा ताई झाले.

पाकिटं इकडची तिकडे झालेली नव्हती. शागदरदादाची पाकिटं होऊच शकत नाहीत. गोबीतल्या थंडीत डिंक धरत नाही म्हणून तो पाकिटाचं तोंड सुईदोऱ्याने शिवतो, कुंपणातल्यांचं लाल दोऱ्याने, घरच्यांचं काळ्या. सगळा देश तोंडाने पाकीट चाटतो आणि हा एक माणूस शिवतो. आमच्या प्रयोगशाळेतल्या पोरी हसायच्या, सेव्जिदताईंच्या भावाने पुन्हा गोधडी पाठवली म्हणून. ती तेहतीस पाकिटं मी स्वतः कात्रीने उसवली होती. लाल चौदा, काळी एकोणीस. तरी मी फ्रीज उघडला, खोकं काढलं, दोऱ्याची टोकं बघितली. बघायची गरज नसताना माणूस बघतो तेव्हा त्याला वेळ काढायचा असतो. मग मी जे करायला नको होतं ते केलं. घरच्या एकोणीस उंटांचा कागद काढून अकरांच्या कागदाशेजारी ठेवला. अक्षरांच्या लांबलचक ओळी, बहुतेक सगळ्या सारख्या, आणि एका ठिकाणी एक अक्षर वेगळं, जसं एखाद्या घराण्यातल्या सगळ्यांचं एकच बोट वाकडं असतं. आमच्या घरच्या उंटांपैकी चौघांत ते वाकडं बोट होतं. अकरांतही होतं. आमच्या संग्रहात आठशेहून जास्त उंटांच्या नोंदी आहेत, मी दुपारभर बसून सगळ्या चाळल्या. बाकी कुणाकडे नव्हतं. बाहेर ट्रॉलीबसची तार ठिणग्या टाकत गेली. मला घशात दुखल्यासारखं वाटलं, डावीकडे, अगदी आत. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी जिथे दुखलं होतं तिथेच.

तेव्हा मी सात वर्षांची होते आणि घसा बंद झाला होता. आठवतं ते सलग नाही. गेरच्या, आमच्या लोकरीच्या तंबूच्या, छताचं गोल भोक आणि त्यातून दिसणारं आभाळ, जे कधी खाली यायचं आणि कधी फार वर जायचं. शेणाच्या धुराचा वास. आई चमच्याने चरबी वितळवलेला चहा घालायची तो कडेने बाहेर यायचा. डॉक्टर एकशेचाळीस किलोमीटरवर, बर्फात मोटारसायकल अडकलेली. तेव्हा धर्माला बंदी होती, लामा नव्हते, म्हणजे होते पण सरकारी पशुपालन संस्थेच्या गोदामात भट्टी पेटवायचं काम करत होते, आणि लोक त्यांच्याकडे कोळशाची चौकशी करायला गेल्यासारखे जायचे. आई कोळशाची चौकशी करून आली. तिला सांगितलं होतं की पोरीच्या नावाने एक जनावर मोकळं सोडा, पांढरं. सोडलेल्या जनावराच्या गळ्यात रेशमी फीत बांधतात. मग त्याच्यावर कुणी बसायचं नाही, त्याची लोकर काढायची नाही, त्याला विकायचं नाही, मारायचं नाही, ते म्हातारं होऊन आपल्या मरणाने मरतं. आमच्या स्वतःच्या उंटांत पांढरं एकही नव्हतं. पांढरी होती ती संस्थेच्या कळपात, जो बाबा सांभाळायचे. चार वर्षांची, वाळल्या गवताच्या रंगाकडे झुकणारी, हट्टी. बाबांनी नाही म्हटलं. बाबा सरळ माणूस होते, म्हणजे खोटं बोलायचं असलं की त्यांना आधी तासभर तंबाखू ओढावी लागायची. त्या दिवशी त्यांनी तासभर तंबाखू ओढली. आईने लग्नाच्या डगल्याचं अस्तर फाडून पाच फिती केल्या. पांढरीला दारापाशी आणलं, मला उचलून नेलं, आणि तिने माझ्या तोंडावर श्वास सोडला, ऊन, आंबूस, चावलेल्या खारट झुडपांचा. तो श्वास मला आठवतो. तो मी नंतर ऐकून आठवणीत घातलेला नाही. माझा हात तिच्या मानेला लावला आणि आईने तिच्यावर दूध शिंपडलं.

एरवी अशी उंटीण घरच्याच कळपात चरत राहते. पण संस्थेची मोजणी आठ दिवसांवर आली होती आणि मोजणारा मनुष्य फीत ओळखणारा होता. म्हणून दादाने, तो तेव्हा एकोणीस वर्षांचा होता, तिला दक्षिणेला नेलं. तीन दिवस चालून बोर झऱ्यापाशी, जिथे रानचे प्यायला येतात, तिथे सोडून तो परत आला. कागदावर बाबांनी लांडगा घातला. तेवढ्यात डॉक्टरही पोचला होता, त्याने पेनिसिलिन दिलं, आणि ताप उतरला. आईबाबा मरेपर्यंत आमच्या घरात याचे दोन पक्ष होते. आईच्या लेखी मला उंटिणीने वाचवलं, बाबांच्या लेखी सुईने. मला विचाराल तर मी दोघांनाही खूश ठेवत आले. इंजेक्शनला कधी रडले नाही आणि दक्षिणेला पाय करून कधी झोपले नाही.

पुढे बातम्या यायला लागल्या. कुणी मिठाच्या तळ्याकडून आला की सांगायचा, तुमची पांढरी दिसली, रानच्या नराबरोबर आहे. दोन वर्षांनी, पिल्लू आहे मागे. मग दुसरं. आई रोज सकाळी पहिलं दूध दक्षिणेकडे उडवायची. बाबा पाहुण्यांपुढे मला चिडवायचे, आमच्या सेवीचं सासर तिकडे हो, भारी घराणं मिळालंय, माणसाला दारात उभं करत नाहीत. सगळे हसायचे आणि मला लाज वाटायची आणि आत कुठेतरी फार बरं वाटायचं. वर्गातल्या कुणाचंही रानात काही नव्हतं. माझं होतं. कुणालाही त्यात वावगं दिसलं नाही. दिसण्यासारखं काही नव्हतंच. आमच्याकडे थंडीत माजावर आलेली उंटीण रानच्या नराबरोबर गेली की मालक शोधायला जायचा तो रडत नाही, मिशीत हसत जायचा. पुढच्या वर्षी ती परत आली तर पोटातलं पिल्लू शर्यतीचं निघणार, वाऱ्यासारखं. शेजारचा एकजण तर मुद्दाम आपल्या दोन उंटिणी झऱ्यापाशी बांधून यायचा आणि हरवल्या म्हणून गावभर सांगायचा. घेणं आम्हाला दिसायचं. आपण तिकडे काय ठेवून येतो ते कुणी बघितलं नाही. मग शेळ्या वाढल्या, मऊ लोकरीच्या, एकेका घरी पाचशे. झऱ्यांभोवती गेर बसले, कुत्री बसली. रानचे एका झऱ्यावरून दुसऱ्यावर जाईनासे झाले. ज्या पाण्यावर होते त्यावरच राहिले, आपल्यातच वाढले, चुलतभावंडांशी, मग सख्ख्यांशी. हे सगळं माझ्या वहीत आहे. आमच्या बायका पंचेचाळीस झऱ्यांची नावं एका दमात घेतात. त्यातल्या किती झऱ्यांवर आता रानचे येतात हे मी एका हाताच्या बोटांवर सांगते, आणि अंगठा लागत नाही.

बुधवारी दादाचा फोन आला. कुंपणापाशी आता खोली आहे, शेगडी आहे, अँटेना आहे. पूर्वी त्याला फोन करायला टेकडी चढावी लागायची आणि तो धापा टाकत बोलायचा, त्यामुळे त्याचं बोलणं खरं वाटायचं. मॅडमनी त्याला आधीच गाठलं होतं. त्याने प्रथम हवेची चौकशी केली, धुराची केली, नव्या वर्षासाठी बूझ, ते मांसाचे मोदक, वळायला घेतलेत का विचारलं. मी म्हटलं, बाल्कनीत तीनशे गोठवून ठेवलेत. एकट्या बाईला तीनशे कशाला, तो म्हणाला, समितीला घालणार आहेस का. मग मुद्द्यावर आला.

“सेवे, चूक झाली म्हण ना. जन्मभर एक चूक केली नाहीस, एक करून टाक.”

मी म्हटलं की पाकिटं तू शिवली होतीस. तो म्हणाला, मला म्हाताऱ्याला रंग दिसत नाहीत म्हण. सदुसष्टाव्या वर्षी त्याला दोन किलोमीटरवरचा कोल्हा दिसतो. तो सांगत राहिला, भरभर नाही, जनावरं मोजत चालावं तसं. त्यातली सात त्याच्या हातावर जन्मली आहेत. एकीचं पिल्लू आडवं आलं होतं तेव्हा त्याने कोपरापर्यंत हात घातला होता, उणे तीसमध्ये. एक नर आहे, तो दादाचं पाऊल ओळखतो पण दुसऱ्या कुणाच्या पावलाला कान पाडतो. पाऊल ओळखतो, हे त्याने अभिमानाने सांगितलं. मला ते ऐकवेना. वीस वर्षांपूर्वीची ती सात पिल्लं त्यानेच पकडली होती. महिनाभर बोर झऱ्यावर दबा धरून बसला होता, आणि परत आला तेव्हा सगळ्या तालुक्यात त्याचं नाव झालं होतं, कारण रानचं पिल्लू हाती लागत नाही. मला त्याने तेव्हा सांगितलं होतं की बहुतेक सगळी धूळ होऊन जातात, पण काही असतात, ती पळता पळता थांबून मान वळवून बघतात. त्यांना पकडता येतं. मी तेव्हा हसले होते. मान वळवून का बघतात हे त्याने स्वतःला विचारलं नाही, मीही विचारलं नाही, जपानात शिकलेल्या मॅडमनी विचारलं नाही. ज्यांच्यात माणसाची ओळख उरलेली होती तीच आम्ही रानची म्हणून निवडली, आणि जी खरी रानची होती ती निघून गेली, कारण खरी रानची असण्याचा अर्थच तो.

मी त्याला अक्षराचं सांगितलं. वाकड्या बोटाचं. घरच्या चौघांत आहे, अकरांत आहे, बाकी कुठेही नाही.

पलीकडे शेगडीचं दार उघडून लाकूड आत सारल्याचा आवाज आला.

“म्हणजे पांढरीची.”

“हो.”

“संस्था मोडल्यावर वाटणीला आलेली पांढरीच्या बहिणीची आपल्याकडे, आणि पांढरीची इकडे.” तो हसल्यासारखा वाटला, खुशीत, घरात कुणाचं तरी लग्न ठरल्यासारखा. “अगं मग प्रश्नच मिटला. ती तुझी आहेत. तुझ्या नावाने सोडलेल्याच्या अंगाला हात लावायचा नसतो. नर खच्ची करायचे म्हणतायत मॅडम. पांढरीची पोरं कापायची?”

मी म्हटलं, मे महिन्यात ती डोंगरापलीकडे गेली तर तिकडचे जे आहेत, ज्यांच्यात अजून काही मिसळलेलं नाही, त्यांच्यात हे अकरा जातील. आपले नर भारी आहेत. तू चारलंयस त्यांना. थंडीत ते तिकडच्या नरांना मारून हाकलतील. वीस वर्षांत तिकडे मान वळवून बघणारी तेवढी उरतील.

“आणि ठेवून घेतली तर काय उरेल? ते तीन?”

तिघांचा कागदही मी बघितला होता. रानचे म्हणून जे तीन होते, एक म्हातारा नर आणि दोन माद्या, ते एकमेकांसारखे इतके होते की त्यांना तीन म्हणणं हा केवळ वहीचा नियम. दोन्ही माद्या त्याच्याच मुली. एकीची दोन पिल्लं उभी न राहताच गेली. जिवंतपणा होता तो अकरांत होता, मिसळलेल्यांत. शुद्ध होतं ते संपत आलेलं होतं आणि जगणारं होतं ते आमचं होतं. मी खरं बोलले तरी काही वाचणार नव्हतं, फक्त आमची घाण पुढे जाणार नव्हती. घाण हा शब्द माझ्या मनात आला आणि मला आईचा चेहरा दिसला, फिती फाडतानाचा, दातात दोरा धरलेला.

दादा म्हणाला, “सेवे, तुला वाचवलं ते चुकलं का?”

त्याने टोचून विचारलं नव्हतं. त्याला खरंच माझ्याकडून ऐकायचं होतं, जसं एखाद्या जनावराचं वय त्याला कळलं नाही की तो दुसऱ्याला विचारतो. मी म्हटलं उद्या फोन करते.

त्या संध्याकाळी घरी चालत आले. बसमध्ये माणसांच्या अंगांची ऊब असते, ती मला नको होती. रस्त्यावर सगळे नव्या वर्षाच्या खरेदीला निघालेले, तोंडाला फडकी, डोळे तेवढे उघडे. आणि मी एकेकाच्या कपाळावर, गालाच्या हाडांवर बघत होते, हे कुठून आलं असेल, कुठल्या आजीकडून, कुणी कुणाला सोडलं असेल म्हणून हा माणूस आज हातात संत्र्यांची पिशवी घेऊन रस्ता ओलांडतोय. मला मूल नाही. लग्न झालं होतं, सहा वर्षं टिकलं. तो म्हणायचा की तू माणसाकडे बघत नाहीस, त्याचा नंबर घालतेस. त्याचंही चुकलं नव्हतं. आईकडून आलेला धागा माझ्यापाशी थांबला, आणि त्याचं मला कधी दुःख झालं नाही असं मी म्हणत आले. कारण कुठेतरी मनात होतं की माझं रानात चालू आहे. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलासुद्धा शब्दांत सांगितलं नव्हतं. चौपन्न वर्षांची सरकारी नोकर बाई, पेन्शनला एक वर्ष राहिलेली, हिला वाटतं की दक्षिणेला बोर झऱ्यापाशी हिची नातवंडं वाऱ्याच्या पाठीवर पळतात. हसण्यासारखं आहे. पण त्याच्यावर मी बरीच वर्षं काढली, आणि आता ती नातवंडं कागदावर अकरा ओळींत उभी होती आणि प्रत्येकीपुढे, काही पिढ्या मागे, मीच होते. घरी येऊन मी घशाला हात लावून बघितला. सूज नव्हती.

गुरुवारी दोन वाजता समिती पडद्यावर आली. सहा चेहरे, सहा चौकटी. एकाच्या मागे पुस्तकं होती ती त्याने खास आणून लावल्यासारखी, एकीच्या मांडीवर मांजर. खालच्या कोपऱ्यात एक म्हातारा होता, टोपी घातलेला, आमच्या बाजूचा. बोलण्याआधी तो ओठ चाटायचा, वाळूतली माणसं चाटतात तसे. दुलमा मॅडम माझ्याशेजारी बसल्या होत्या. त्यांनी पंधरा वर्षांच्या कामाचा आढावा दिला आणि आवाज कुठेही हलू दिला नाही. मला त्यांची पाठ दिसत होती, ताठ, आणि टेबलाखाली एक पाय दुसऱ्याला घट्ट वेटाळलेला. मग त्यांनी समितीच्या रिवाजाप्रमाणे मला पूर्ण नावाने विचारलं की नमुन्यांची पाकिटं एकमेकांत मिसळली असण्याची शक्यता आहे का. प्रश्न विचारताना त्यांनी मान किंचित हो अशी हलवली, माझ्यासाठी, लहान मुलाला उत्तर सुचवावं तशी. इतक्या मायेने मला क्वचितच कुणी खोटं बोलायला सांगितलं असेल.

“नाही,” मी म्हटलं. “पाकिटं बरोबर आहेत.”

पुस्तकंवाल्याने विचारलं की एवढं खात्रीने कसं सांगता. मी दोऱ्यांचे रंग सांगितले. तेवढं पुरेसं होतं. तिथेच थांबायला हवं होतं. पण आवाज थांबला नाही. मी म्हटलं की त्यांची पणजी आमची उंटीण होती. मी सात वर्षांची असताना आजारी पडले तेव्हा माझ्या नावाने सोडली होती. बोर झऱ्याला. कागदावर तेव्हा लांडगा लिहिलाय, पण लांडगा नव्हता.

मांजरवालीने हे लिहून घ्यायचं का असं कुणाला तरी विचारलं. खालच्या कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याने ओठ चाटले.

“आणि तुम्ही बऱ्या झालात?”

“झाले.”

त्याने मान हलवली, आणि पडद्याकडे न बघता आपल्या हातांकडे बघत राहिला. मला वाटतं त्यानेही कुणालातरी सोडलं असावं. त्या भागातल्या कुठल्या घराने सोडलं नव्हतं? आजार सगळ्यांच्या घरी येतो.

पुढचं लवकर झालं. अकरा जनावरं कार्यक्रमातून काढायची. नर खच्ची करायचे. सगळी राखणदाराला घरची जनावरं म्हणून द्यायची, त्याने ती दक्षिणेपासून लांब ठेवायची. तिघांचं पुढे काय ते शरद ऋतूत ठरवू, असं म्हणाले. शरद ऋतूत ठरवू म्हणजे काय ते तिथे प्रत्येकाला ठाऊक होतं. तीन जनावरांसाठी कुंपण कुणी ठेवत नाही. पडदा काळा झाल्यावर मॅडम जागच्या हलल्या नाहीत. मला वाटलं त्या काहीतरी बोलतील, लागेल असं, आणि मी त्यासाठी उभीही राहिले. त्या म्हणाल्या, “तुमच्या आईने बरोबर केलं, ताई,” आणि कागद गोळा करायला लागल्या. त्या लागेल असं बोलल्या असत्या तर मला घरी जाता आलं असतं.

मी वही काढली. प्रत्येक नमुन्यापुढे एक रकाना असतो तो निकाल येईपर्यंत मोकळा ठेवायचा. मी अकरा वेळा पाळीव लिहिलं. शाई चांगली होती, अक्षर चांगलं आलं. मग दादाला फोन लावला.

त्याने सगळं ऐकून घेतलं. ओरडला नाही. मी त्याच्या ओरडण्याची वाट बघत होते. लहानपणी तो ओरडला की गेरबाहेर कुत्री गप्प व्हायची. त्याने विचारलं की खच्ची करायला डॉक्टर कधी पाठवणार. मी म्हटलं मार्चमध्ये. तो म्हणाला मार्चमध्ये ऊन पडतं, जखमेवर माश्या बसतात, आत्ता गारठ्यात उरकायला हवं, डॉक्टर नको, मीच करीन. मग म्हणाला की डिसेंबरच्या मोजणीत त्याची अकरा जनावरं वाढतील, शेजारी विचारतील कुठून आणली, तर काय सांगू. उत्तरासाठी तो थांबलेला नव्हता. फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला, फळीवर असावा. पावलं गेली, दार वाजलं, वारा आत आला, पावलं परत आली. लाकडं जमिनीवर पडल्याचा आवाज झाला.

“झाऊचं लाकूड आहे,” तो लांबून म्हणाला. “मागच्या वर्षीचं, वाळलेलं. बरं निघेल.”

मी विचारलं, कशाला.

“दावं कशाला बांधू? पाळीव म्हणता ना. नाकात खुंटी लागेल. दुसऱ्या वर्षी टोचायचं असतं नाक, तेव्हा मऊ असतं. यातली काही सोळा-सतरा वर्षांची आहेत.” मग म्हणाला, “त्यांना कळणार नाही मी काय करतोय ते. मी जवळ गेलो तर पळणारही नाहीत.”

फोन बंद करायचं त्याला सुचलं नाही आणि मला करवेना. सुरी लाकडावरून जात होती, सारखी, न चुकता; टोक काढताना आवाज बारीक व्हायचा आणि मग एक खुंटी फळीवर ठेवल्याची टक्. प्रयोगशाळेतल्या पोरी डगले चढवून निघून गेल्या, कुणीतरी दिवा ठेवू का विचारलं. मी फोन कानाला लावून बसले होते. चौथी झाली. पाचवीला तो मध्येच थांबला, नाक ओढलं, सुरीला धार लावली, आणि पुन्हा सुरू झाला.